आत्तींनी सांगितलेला शेवट

कॉलेजातल्या भाषणात माझी लई फजिती झालती, पण त्या फजितीचे उपकारच वाटतात मला.

लग्नानंतर बोरगावात माझं पोटातलं बाळ गेलं. कितीतरी दिवस मी कुणाशी बोलत नव्हते. आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, रोज दुपारी उशाशी बसून एक जुनी कन्नड कादंबरी मला मराठीत सांगायच्या. मला कन्नड वाचता येत न्हाय. त्या कादंबरीत गावाकडच्या एका बाईचं मूल जातं, पण शेवटी ती सावरते आणि शेतावर परत जाते.

पुढं चिकोडीच्या कॉलेजात मराठी शिकवत असताना एका भाषणात मी त्या कन्नड कादंबरीची एका मराठी कादंबरीशी तुलना केली. "मूल दोघींचंही जातं. मराठीतली बाई विहीर जवळ करते, कन्नडमधली जगते," असं ठासून सांगितलं.

कन्नडचे सर नंतर हळूच म्हणाले, "मॅडम, आमची पण विहिरीतच जाते."

घरी आत्ती शेंगा सोलत बसल्या होत्या. मी विचारलं, "शेवट बदलला व्हय तुम्ही?"

मान वर न करता त्या म्हणाल्या, "तिला मारून कसं चाललं असतं गं? ऐकणारी तू हुतीस."