स्तेलिओसला सांगा

ग्रीसमधल्या थेस्सालोनिकी शहरात एका थांब्यावर बस येईना. वर्तमानपत्र वाचत बसची वाट पाहणाऱ्या वांगेलिसच्या मागच्या बाकावर दोघी बोलत बसल्या होत्या. एक इथलीच म्हातारी, दुसरी चार महिन्यांपूर्वी हॉलंडहून नोकरीला आलेली मारायके.

"सुट्टीत काय काय पाहिलंस गं?"

"पांढरा बुरूज पाहिला, आजी. बंदरावर तळलेले शिंपले खाल्ले. पण काल जुन्या चर्चच्या दारात जे खाल्लं, त्याची सर कशालाच नाही! उकडलेले गहू, साखर, डाळिंबाचे दाणे. काळ्या कपड्यातली एक बाई वाटत होती."

"आणि तू घेतलंस?"

"दोनदा! ताटावर नाव काढलं होतं, स्तेलिओस. मला वाटलं, करणाऱ्याचं असेल. तिला म्हटलं, स्तेलिओसला सांगा, हाताला फार चव आहे त्याच्या."

वांगेलिसने हातातलं वर्तमानपत्र मिटलं.

मागे म्हातारी म्हणाली, "पोरी, ते गहू गेलेल्या माणसाच्या नावानं वाटतात. खाणाऱ्यानं म्हणायचं असतं, देव त्याला क्षमा करो."

"आई गं! आजी, मी चांगली हसत हसत बोलले हो!"

"मग ती काय म्हणाली?"

"माझा हात घट्ट धरला. म्हणाली, 'सांगते. उद्या सकाळी फुलं घेऊन जायचंच आहे त्याच्याकडे.'"