बेचाळीस टाइल्स

तिहाना: मागे सरका, मावशी. सुरी आत गेली की टाइल एकदम निखळेल.

नेवेन्का: सावकाश गं! बार्तोलचं दुकान बंद केलं तेव्हा भिंतीवरच्या एवढ्याच आरशाच्या टाइल्स धड निघाल्या.

बार्तोल: चव्वेचाळीस. त्यातल्या या दोन चाचणीसाठीच लावल्यात, फुटली तर फुटली. ओढ गं पोरी!

तिहाना: दोन महिने रोज इथेच आंघोळ केलीत ना? गरम पाण्याने?

बार्तोल: गरम? तुझी मावशी न्हायली की वाफेवर बटाटे उकडतील.

नेवेन्का: त्यात तो मेला समुद्रावरचा दमट जुगो वारा. आठवडाभर भिंतींना नुसता घाम!

तिहाना: छान! म्हणजे परीक्षा खरी झाली. ही डावीकडची, माझे बाबा लावायचे तशी. आंबट वासाचं सिलिकॉन, कडा उघड्या. हं... निघाली!

नेवेन्का: अगं बाई! पारा कुठंय? चारी कडांनी काळी पडलीय.

तिहाना: तो आंबट वास येतो ना, ते आम्लच. पारा खातं. आणि उघड्या कडेतून ओल आत शिरते.

नेवेन्का: मी म्हणतच होते, साध्या टाइल्स लावा. आणि बार्तोल, तुला इथे आरसा हवा कशाला? दाढी मी करून देते ना रोज? कापते का कधी?

बार्तोल: नाही कापत. पण चाळीस वर्षं अर्ध्या रियेका शहराच्या दाढ्या केल्या मी. आणि अर्धांगाचा झटका आल्यापासून मान वर करून मीच गिऱ्हाइकासारखा बसतो. इथे स्टुलावर बसावं, वाफेनं केस मऊ व्हावेत, समोर आरसा असावा... उजवा हात गेला, पण डावा आहे अजून.

नेवेन्का: हे कधी बोलला नाहीस मला.

बार्तोल: तोंडाला फेस असायचा ना.

तिहाना: थांबा, थांबा, ही उजवीकडची सुटतेय... आली! मावशी, मागून हात फिरवून बघा.

नेवेन्का: कोरडी! पारा जसाच्या तसा! अगं, कडेलासुद्धा डाग नाही!

तिहाना: हिच्यामागे भिंतीला आधी पाणी अडवणारा थर दिला होता. सिलिकॉन बिनवासाचं. आणि कडांना सीलरचे तीन हात. केसाएवढी जागा सुटली असती तरी ओल शिरली असती.

नेवेन्का: तुझ्या हाताला तोड नाही, पोरी!

तिहाना: माझा हात कुठला? या कडा काकांनी रंगवल्या, तुम्ही मासळीबाजारात गेला होतात तेव्हा. पाऊण तास लागला, पण मला ब्रश धरू दिला नाही.

नेवेन्का: बार्तोल! डाव्या हाताने?

बार्तोल: ब्रश काय अन् वस्तरा काय, कडेकडेनंच जायचं असतं.

नेवेन्का: मग बसलायस काय असा? बेचाळीस राहिल्यात! तिहाना, कुठंय तो सीलरचा डबा? आणि वाफ ओढायला चांगला दणकट पंखा बसव. आंघोळ झाली की रबरी पट्टीने पाणी मी ओढून टाकीन, रोज. आरसे व्हिनेगरने पुसणं आजपासून बंद!

(तीन आठवड्यांनी. न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर दोघी उभ्या.)

नेवेन्का: पाणी बंद होऊन किती वेळ झाला गं? आत जाऊ का मी?

तिहाना: अहो, दम धरा जरा. पंखा चालू आहे, वाफ जाऊ दे.

नेवेन्का: गुणगुणतोय तो! ऐकलंस? दुकानात गुणगुणायचा, अगदी तसं!

बार्तोल: दारापाशी कुजबुज कसली चाललीय? सरका, बाहेर येतोय मी.

तिहाना: काका! काय देखणे दिसताय!

नेवेन्का: बघू, इकडे वळ. गालावर ओरखडा...

बार्तोल: एकच आहे.

नेवेन्का: आणि हनुवटीखाली थोडं राहिलंय. आण तो वस्तरा, काढते मी.

बार्तोल: राहू दे. उद्या बघतो मी.