बुक्क्याचं बोट

मी मूळची नगरकडची, बाप शिंपी आणि रविवारी चर्चमधी कीर्तनकार, आता तुम्ही म्हणाल चर्चमधी कीर्तन कसलं, सगळेच असं म्हणतात, पण आमच्यात ते पिढ्यान्‌पिढ्या आहे, चिपळ्या त्याच, पेटी तीच, पूर्वरंग उत्तररंग सगळं तेच, फक्त कथा येशूची. बापाला मुलगा नव्हता म्हणून चिपळ्या माझ्या हातात आल्या, आणि काय सांगू तुम्हाला, जन्मभर दवाखान्यात आयाचं काम केलं, लाद्या पुसल्या, पण रविवारी उभी राहिले की मी बाईच निराळी.

मालक गेले तवा माझ्या लेकानं, प्रकाशनं, मला बंगळूरला आणलं, इलेक्ट्रॉनिक सिटीत त्याचा फ्लॅट. रविवारी दुपारी इथली मराठी ख्रिस्ती मंडळी घरी जमायची, मी गायची. तर सोसायटीच्या व्हॉट्सॲपवर कुणीतरी टाकलं, या घरात धर्म बदलतात. झालं. सेक्रेटरी पुण्याचे, बोलायला लई गोड, म्हणाले आजी, सध्या वातावरण कसं आहे बघताय ना, जरा बंदच ठेवा. प्रकाश घाबरला, म्हणला आई, मनातल्या मनात म्हण. मनातल्या मनात कीर्तन होतं का हो? मी पिशवी भरली, म्हटलं मला गावाला सोड.

तर शेजारच्या सरोजक्का आल्या. त्यांचं घराणं शिवाजी महाराजांच्याही आधीपासून इकडं, मराठीत मधीमधी कन्नड घालतात. म्हणाल्या, अगो, भिंतीतून स्वल्प ऐकू यायचं, का थांबवलीस, आमचे अप्पा, माझे वडील, असंच कीर्तन करायचे, ते गेल्यापासून कानावर नाही. म्हटलं अक्का, माझ्या कथेत येशू आहे. असू दे की, म्हणाल्या, आणि तशाच सेक्रेटरीकडं गेल्या. नाताळात खालच्या हॉलमधी हिचं कीर्तन ठेवा, दारं उघडी टाकून, मंग बघा कोण कुणाचं काय बदलतं, सरी, म्हणजे ठीक ना? सेक्रेटरींनी तिथल्या तिथं हॉल लिहून दिला.

हॉल भरला. पूर्वरंगाला मी येशूच्या जन्माचा तारा घेतला. माझी नात कॉलेजात फिजिक्स शिकते, ती म्हणते आजी, आज दिसतो तो उजेड आपण जन्मायच्या लई आधी ताऱ्यापासून निघालेला असतो. लोक म्हणतात शास्त्र शिकलं की देव सुटतो, माझा तर आणखी घट्ट झाला. मी म्हटलं, बघा मंडळी, आपला पत्ता नव्हता तवापासून त्यानं आपल्यासाठी दिवा लावून ठेवलाय. हॉलभर टाळ्या.

आता पूर्वरंग संपला की कीर्तनकाराला हार घालतात आणि बुक्का लावतात, ही रीत, आमच्यात नुसता हार. सरोजक्का हार घेऊन आल्या आणि दुसऱ्या हातात अप्पांची चांदीची डबी, सवयीनं आणलेली, मनात काही नाही. बुक्क्याचं बोट माझ्या कपाळाशी आलं आणि मंग त्यांच्या ध्यानात आलं, बोट तिथंच थांबलं. समोर आमची मंडळी, त्यांचे चेहरे पडलेले. सेक्रेटरी टक लावून बघतायत, फोन वर झालेले. नाही म्हणावं तर अक्कांचा अपमान, आणि ही माणसं आपली नव्हंतच म्हणणाऱ्यांचं फावणार. हो म्हणावं तर आमचेच म्हणणार, म्हातारीनं धर्म सोडला.

बुक्क्याचा वास आला नाकात, आणि त्या वासानंच कथा दिली. ठरवलेला उत्तररंग मी सोडूनच दिला. एक बाई, येशू जेवायला बसलेला, ही न बोलावता आत आली आणि जपून ठेवलेलं अत्तर त्याच्यावर ओतलं. बाकीचे कुरकुरले, हे कसलं वागणं. येशू म्हणाला तिला बोलू नका, तिच्याकडं होतं ते तिनं प्रेमानं आणलंय. एवढं सांगितलं आणि मी कपाळ पुढं केलं. म्हटलं, अक्का, ज्याचं गाते त्यानं त्या बाईला अडवलं नाही, मी तुम्हाला कशी अडवू? लावा.

त्यांनी लावलं, हार घातला. मी चिपळ्या उचलल्या आणि असा आवाज लागला, असा लागला, बापाचासुद्धा कधी लागला नव्हता. आमच्या मंडळींनी धृपद उचललं, मागचे कन्नड लोक ताल धरून, आणि मनातल्या मनात म्हण म्हणणारा माझा प्रकाश ढोलकीवर. मी जिंकले हो त्या दिवशी, आणि हरलं कुणीच नाही.

आता महिन्याला कीर्तन असतं, त्याच व्हॉट्सॲपवर सेक्रेटरी स्वतः टाकतात, आजींचं कीर्तन आहे, वेळेवर या. आजच आहे, तुम्हीही थांबा, देव तुमचं भलं करो. तेवढी ती पिशवी द्या इकडं, हो तीच, गावाला जायला भरलेली. तिच्यात आता झांजा असतात.