मोहाखालची आग

अड्याळच्या स्टँडवर भंडाऱ्याची बस अजून लागली नव्हती. मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या, एकीच्या मांडीवर दवाखान्यातल्या नवऱ्यासाठी जेवणाचा डबा.

"गुलाबभाऊ कसे आहेत, रत्नमाला?"

"दोन्ही हात भाजले, काकू. फॉरेस्टचा माणूस, जंगलात आग दिसली तं थांबते का?"

"लय जंगल गेलं म्हणते."

"रानकोंबडी अंड्यावरून उठलीच नाही. तशीच जळाली."

"लागली कुठून?"

"मोहाखालून. फुलं येचाले आपण पाला जाळतो ना, तशीच."

"कोणाच्या मोहाखालून?"

"हवा सुटली, काकू. मले आवरलीच नाही."

"अवो बाई! त्यायले सांगतलं?"

"ते तं रोज म्हणते, हात बरे झाले की त्या माणसाले धरतोच."

"मंग तू काय म्हणतं?"

"काय म्हणू? मी त्यायले घास भरवतो."