जतीनची टिकटिक

बकुळा: पाहुण्यांची गाडी अजून आशागडला पोचली नसेल. आत्ताच फोन करून होकार कळवते.

मयूरी: आई, फोन खाली ठेव. उद्या मला निघायचंय. परवा परीक्षेचं उड्डाण आहे.

बकुळा: परीक्षा पुढच्या महिन्यात दे. रविवारी साखरपुडा उरकू. तळासरीत असं घर पुन्हा मिळायचं नाही. आणि लग्नानंतर खुशाल विमान उडव म्हणाले की.

मयूरी: कोण म्हणालं?

बकुळा: जतीनचे पप्पा.

मयूरी: आणि जतीन?

बकुळा: तो पोहे खात होता.

मयूरी: दोन बशा. तोंडातून शब्द नाही. आई, आम्हाला आकाशात वाट दाखवायला जमिनीवर रेडिओ स्टेशनं असतात. स्टेशन लावलं की विमानातला काटा फिरतो, दिशा दाखवून उभा राहतो. तरी आम्ही लगेच विश्वास ठेवत नाही.

बकुळा: काट्यावरसुद्धा नाही? कठीण आहे तुझं.

मयूरी: आधी कान देऊन ऐकायचं. स्टेशन टिकटिक करत स्वतःचं नाव सांगत असतं. दुरुस्ती चालू असली की ते नाव बंद ठेवतात. काटा तेव्हाही ऐटीत उभा राहतो. पण नाव नाही, तर भरवसा नाही.

बकुळा: म्हणजे जतीनने आता टिकटिक करायची?

मयूरी: नुसतं बोलला तरी चालेल. शिवाय यंत्रं दोन असतात. दोन्ही एकाच स्टेशनला लावून बघतो. चार अंशांहून जास्त फरक नको.

बकुळा: मग या घरातून विमान उडायचंच नाही. माझं तोंड झाईकडे असलं की तुझ्या बाबांचं डहाणूकडे.

मयूरी: म्हणून तर तुमच्यातल्या एकाला दुरुस्तीला पाठवायचंय. लाव फोन. जतीनलाच, स्पीकरवर.

बकुळा: लावते. तू मधे तोंड घालू नकोस... हॅलो, जतीन? मी मयूरीची आई.

जतीन (फोनवर): बोला काकी. चिकूची पिशवी विसरलो ना आम्ही?

बकुळा: राहू दे रे चिकू. लग्नानंतर मयूरीने विमान चालवायचं, पप्पा म्हणाले ते तुलाही मान्य आहे ना?

जतीन: काकी, एक मिनिट. गाडीतून उतरतो... हां. पप्पा तुम्हाला बरं वाटावं म्हणून बोलले. अच्छाडच्या ढाब्यावर गल्ल्याला घरचंच माणूस लागतं. मला बायको घरी हवी. खोटं कशाला बोलू? मयूरीला सॉरी सांगा.

मयूरी: ऐकलं मी. थँक्यू, जतीन.

बकुळा: ठेवला त्याने. किती चांगला मुलगा गं!

मयूरी: चांगलाच आहे. टिकटिक एकदम स्वच्छ. फक्त माझ्या वाटेवर नाही.

बकुळा: ...उद्या कधीची गाडी?

मयूरी: सकाळची.

बकुळा: मग ती चिकूची पिशवी तूच ने. कच्चे आहेत अजून. परीक्षा होईपर्यंत पिकतील.