तळावरचा सिंह

—हं, हं! तोंडाची वाफ कशाला सोडताय त्याच्यावर? माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच खुर्चीत बसून, माझ्या नवऱ्याच्या स्मरणार्थ तुमच्या संग्रहालयाला देऊ केलेल्या कॉफीच्या भांड्यावर फूऽऽ करायचं — तिथं हेच शिकवतात वाटतं? चांदी बोटांनी ओळखावी, साहेब. पण तुमची बोटं! नुसतं लोणी. चांदीकामाच्या शेफील्डचेच ना तुम्ही? वाटत नाही.

रेघ? वाफेत उमटली? कसली रेघ? तळावर, ज्यावरून तुम्ही भांड्याचं साल ठरवता, त्या सिंहाच्या शिक्क्याभोवती? अहो, अडीचशे वर्षांचं भांडं, त्याला एक रेघ नसणार? तुमच्या कपाळावर चाळिशीतच चार आहेत. तीस वर्षं कारखान्यात चांदी घासली मी, कमरेला एप्रनसारखा खाकी कागद गुंडाळून — मला सांगताय? आणि तिथं रेघ दिसणं शक्यच नाही, मी स्वतः तो जोड दोन दिवस घोटून—

म्हणजे... घोटतेच मी. सगळीच भांडी घोटते.

बरं. दिसली ना? झालं समाधान? माझ्या नवऱ्यानं, सेप्टिमसनं, तो शिक्का चांदीच्या एका जुन्या, फुटक्या बशीतून कापला आणि इथं डाख लावून बसवला. हो, कापला! सिंह तेवढा जुना, बाकी सगळं त्याचं. एका सपाट पत्र्यातून, हातोड्यानं, अकरा आठवडे — ती चोच बघा, कुठं ठोका दिसतोय? दोनदा आला होता तो तुमच्या दारात, स्वतःच्या नावाची भांडी घेऊन. तुमच्या आधीच्या साहेबांनी हातसुद्धा लावला नाही. ‘क्रॉशॉ, आम्ही जुनं ठेवतो.’ घ्या मग जुनं! आणि गेल्या मंगळवारी, त्याला मातीत घालून तीन आठवडे होत नाहीत तोच, याच खुर्चीत हे भांडं बघून कोण म्हणालं, ‘असा हात आता जन्माला येत नाही’? तुम्हीच ना?

मग ठेवा की काचेत! पाटीवरचं साल खोडा आणि घडवणारा सेप्टिमस क्रॉशॉ म्हणून लिहा. भांडं तेच आहे. मघाशी होतं तेवढंच सुंदर आहे — आता नाही आवडत?

मान काय हलवतोस, बाळ? तोंडानं बोल. खोट्या शिक्क्याचं घेत नाही, असा नियम? म्हणजे इतकी वर्षं तुम्ही भांडी बघतच नव्हता, नुसते तळ बघत होता!

आण इकडे. दोन्ही हातांनी. उद्यापासून यात मी रोज कॉफी करणार, आणि तुला थेंब मिळायचा नाही. ऊठ. दार ओढून घे जाताना.