गोड्या पाण्याचे दोन ड्रम

—नाही नाही, उमेशभाई, माणूस वाईट आहे असं मी म्हटलंच नाही. तुम्ही विचारलंत शुक्रा कामाला कसा, तर मी म्हटलं जरा ढिला, एवढंच. बसा ना. ती खुर्ची नको, तिचा एक पाय माझ्या गुडघ्यासारखा आहे, बघायला बरा—ह्या खोक्यावर बसा. सरबत येतंय. नुसत्या एका नावाड्याची चौकशी करायला तलासरीहून ह्या उन्हात मोटारसायकलवर आलात, म्हणजे धंद्यात टिकाल तुम्ही. धरणावर दोन बोटी सोडताय, उधव्याच्या बाजूला—चांगलं आहे. लोकांना आता पाणी बघून समाधान होत नाही, पाण्यावर बसायचं असतं. हे मला कोणी शिकवलं नाही, हां. सातवी पास माणूस मी, बापाचं दहाणूत दोर आणि खिळ्यांचं दुकान, गिऱ्हाईक सगळं कोळीवाड्यातलं. एकदा मुंबईचं एक कुटुंब तासभर मच्छीमारांच्या होडीपुढे उभं राहून फोटो काढत होतं. मी मनात म्हटलं, विष्णूशेठ, जे उभे राहतायत ते बसतीलही. दुसऱ्या वर्षी ही बोट आणली. आठ माणसं बसतात. नववं बसवलं तर शुक्रा ओरडायचा—मला, त्या नवव्याला नाही.

परवापासून समुद्र बंद, म्हणून कालच नविनच्या ट्रॅक्टरने ओढून वाडीत आणली. तो काय नविन, चिकूखाली डबा खातोय. आता दसऱ्यापर्यंत ही इथेच. तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो, लक्षात ठेवा—बोट पाण्यात बुडून कमी मरते, जमिनीवर उभी राहून जास्त मरते. बूच काढून ठेवायचं, नाहीतर पावसाने आतल्या आत तलाव होतो. नाक वर, बूड खाली. ताडपत्री ताणून बांधायची, पण दोन्ही टोकांना वारा खेळला पाहिजे. आणि इंजिन. सगळा जीव इंजिनात. आठ महिने खारं पाणी प्यायलंय ते. ह्या कापलेल्या ड्रममध्ये त्याचा पंखा बुडवायचा, गोडं पाणी भरायचं, दहा मिनिटं हळू चालवायचं, म्हणजे आतलं सगळं मीठ धुऊन निघतं. मग पेट्रोलची नळी काढून घ्यायची आणि चालूच ठेवायचं—आत उरलेलं पेट्रोल जाळून ते आपोआप बंद पडतं. कधी पडेल सांगता येत नाही. मग प्लगच्या भोकातून तेल, मग ग्रीस. बस.

तर शुक्रा. सात सीझन होता माझ्याकडे. हात चांगला, नजर चांगली, भरतीची वेळ घड्याळाआधी सांगायचा. पण दोन हजार पंधराच्या मे महिन्यात हे धुवायचं काम त्याने नीट केलं नाही. हे मी एकटा नाही म्हणत, सगळा किनारा म्हणतो. त्या दिवाळीत पहिलीच फेरी, बोटीत रेल्वेतले एक साहेब, बाईसाहेब, दोन मुली, साहेबांच्या सासूबाई—आणि अर्ध्या पाण्यात इंजिन तापून जाम. मासळीच्या होडीने दोर टाकून ओढून आणलं आम्हाला. बोंबील वाळत होते त्या होडीवर. सासूबाईंनी नाकाला लावलेला पदर वाळूवर उतरेपर्यंत काढला नाही, आणि ते कोळी विचारतायत, शेठ, तिकीट कोणाकडून घ्यायचं? तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मी सगळ्यांदेखत शुक्राला बोललो. म्हटलं, इंजिन धुतलंस कुठे, नुसतं पाणी दाखवलंस आणि सासरी जाऊन बसलास. खूप बोललो. त्याने गमछा झटकला आणि गेला. गप्प राहिला, म्हणजे लोकांनी काय समजायचं?

थांबा, चालू करतो. एक—दोन—हां. आता जरा मोठ्याने बोलावं लागेल. बघा, कसं पाणी फेकतंय ते बघा. काय? मोठ्याने—ड्रम? हे दोन्ही ड्रम नविनने आशागडहून, समुद्रापासून लांब आतल्या गावातून आणलेत सकाळी, ट्रॉलीत घालून. विहीर? आहे की, ती काय दहा पावलांवर. नाही, ह्या विहिरीचं नाही चालत. अहो पाणी दिसतं स्वच्छ, पण मे महिन्यात समुद्र आत सरकतो—वरून नाही, खालून, जमिनीच्या पोटातून. ह्या पट्ट्यातली कुठलीही विहीर घ्या, होळीपर्यंत गोड, पुढे मचूळ, पाऊस पडला की परत गोड. झाडांना कळतं, गुरांना कळतं, मला नाही कळलं, कारण मी दुकानात बाटलीचं पाणी पितो. असल्या पाण्याने इंजिन धुवायचं म्हणजे मिठाने मीठ धुवायचं. मग ते पाच महिने आत बसतं आणि वाटा बंद करतं. दमणच्या मेकॅनिकने उघडून दाखवलं ना मला—पांढरं, चुन्यासारखं, बोटाने खरवडून जिभेला लावलं मी.

हं? कधी म्हणजे—त्याच वेळी, दिवाळीनंतर. थांबा, नळी काढतो. झालं, आता पडेल बंद आपोआप. काय म्हणालात? अहो, शुक्रा दर वर्षी आशागडहूनच आणायचा, रिक्षात ड्रम घालून, अर्धा दिवस घालवायचा. मला वाटायचं ह्याला तिकडे मेव्हण्याकडे ताडी प्यायला जायचं असतं. त्या वर्षी मी म्हटलं, विहीर काय शोभेला खणली बापाने? इथलंच काढ. तर म्हणाला, "शेट, या पान्यात डाळ नाय शिजत." सगळे होते, नविन होता, रंगवाला होता. मी म्हटलं, मी काय इंजिनात डाळ घालतोय का? हसले सगळे. चांगला बोललो होतो मी, दोन दिवस दुकानात सांगत होतो. ऐकू येतंय ना? त्याने दोनदा सांगितलं, संध्याकाळी माझ्या बायकोनेही तेच सांगितलं, मला वाटलं ही डाळीबद्दलच बोलतेय—मग मी स्वतः उभा राहिलो, उमेशभाई, बादल्या मोजून भरायला लावल्या, इंजिन त्याने नाही खराब केलं, मी केलं, मी—

...पडलं बंद.

नविन, जेव तू. जेव ना. इकडे काय बघतोस? वसुमती, ठेव ते सरबत तिथे बोटीच्या कडेवर. हां. गेली. बघितलंत, बोलली काही? दोन वर्षांत ह्या विषयावर एक शब्द नाही काढला तिने. बायको भांडली तर माणूस कधीतरी जिंकू शकतो.

घ्या, सरबत घ्या. आता हे आपल्यात ठेवा, म्हणजे—नविन काही बोलणार नाही, त्याचा माझ्याकडेच धंदा आहे. मी सांगायला हवं होतं, कबूल. पण मेकॅनिकने इंजिन उघडलं तोवर महिना झाला होता, गोष्ट चारोटीपर्यंत गेली होती, हायवेवरच्या टपऱ्यांवर लोक सांगत होते, विष्णूशेठची बोट ज्याने बंद पाडली तो शुक्रा. माझ्या दुकानात पाटी आहे, विकलेला माल परत घेतला जात नाही. मग हे कसं परत घ्यायचं? बाजारात उभं राहून सांगू की आदिवासी गड्याला कळत होतं आणि मला नाही? उद्या कोण माझ्याकडून इंजिनचं तेल घेताना विचारेल, शेठ, कुठलं घालू? ह्या विचारण्यावर तर दुकान चालतं माझं. तुम्ही व्यापारी आहात, तुम्हाला समजेल. समजतंय ना? असे बघू नका.

त्याचं काय झालं? ते मला का विचारता, तुम्हाला माहीत असेल. ह्या किनाऱ्यावर कोणी बोट दिली नाही त्याला. गुजरातेत वेरावळला गेला, मासेमारीच्या बोटीवर खलाशी, आठ-आठ महिने. त्याची बायको जिवली येते चिकूच्या तोडणीला, शेजारच्या वाडीत. माझ्या कुंपणाला लागून तोडते. सकाळी मी फुलं काढायला जायचो तेव्हा ती टोपली उचलायची आणि पलीकडच्या ओळीत जायची. मी दोन महिने झाले फुलं आणायला दुसऱ्याला पाठवतो.

घ्या तुम्ही त्याला कामावर. घ्या. तुमच्या धरणात मीठही नाही. फक्त कोणी विचारलं तर म्हणा, तुम्ही तुमच्या जबाबदारीवर घेतलाय. लेखी काही मागू नका माझ्याकडे, लेखी देणार नाही. आणि एक सांगा, मला तुमच्याकडे धाडलं कोणी—म्हणजे तुम्हाला माझ्याकडे? चारोटीचा तो चहावाला ना? त्याला ही गोष्ट फार आवडते, प्रत्येक वेळी बोटीत एक माणूस वाढवून सांगतो.

कोणी?

शुक्राने? स्वतः? त्यानेच माझं नाव दिलं? आधी कुठे काम केलंस म्हणून विचारलंत, आणि त्याने—काय म्हणाला? नाही, तुमच्या शब्दांत नको. तो जसा म्हणाला तसं सांगा.

"विष्णूशेटला इचारा, त्याला माहीत हाय."

बस एवढंच? पुढे काही नाही?

मला माहीत आहे हे त्याला माहीत होतं. वेरावळला गेला तेव्हाही. आणि तरी तुम्हाला माझ्याच दारात—मी खरं सांगेन म्हणून? का मी काय सांगतो ते बघायला?

हे म्हणताना तो हसला का?

नाही हसला.

बरं. निघा तुम्ही आता, उमेशभाई. उधव्याचा रस्ता खराब आहे.